मारामारीच्या वेळचा फोन

पहिल्या पंधरा मिनिटांत कुणाची आई मेली तर तो पिक्चर मी तिथंच बाद करतो. मग पुढे सोन्याची गुहा असो नाहीतर उडतं जहाज. मुलांसाठी साहसाचे पिक्चर काढणाऱ्यांना आयांचं काय वावडं आहे कळत नाही. बघावं तर सुरुवातीलाच आई गेलेली, बाप बेपत्ता आणि पोरगं एकटं जंगलात. माझी नात स्वरूपा सहा वर्षांची आहे. तिची आई सकाळी तळवड्याच्या आयटी पार्कात जाते ती दिवेलागणीनंतर येते. त्या पोरीला असलं काही दाखवून तिची दुपार मी कशाला नासवू?

बाकीच्या कसोट्याही ठरलेल्या आहेत. कुत्रं, घोडा, उंट, जे काही जनावर असेल ते शेवटी सुखरूप घरी आलं पाहिजे. खलनायकाची भीती वाटता वाटता हसू आलं पाहिजे. नायक मधे कुठंतरी जेवताना दिसला पाहिजे. दोन तास उपाशी पळणाऱ्या माणसावर मुलांचा विश्वास बसत नाही आणि माझाही नाही. आणि मारामारी हवी. हो, हवीच, पण स्वच्छ. रक्त नको, चाकू नको, खाली पडलेल्याला लाथ नको. मारामारीच नसलेला साहसाचा पिक्चर म्हणजे बिनमिठाचं वरण.

चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मी तपासणीच्या कामात जन्म काढला. मशीनवरून उतरलेला पहिला पीस बघून मी मान हलवल्याशिवाय पुढची बॅच सुटत नसे. निवृत्त झालो, खोड गेली नाही. म्हणून स्वरूपाला दाखवायचा पिक्चर आदल्या दिवशी मी स्वतः बघतो, संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरी, मोबाइलवर, चष्मा नाकावर ओढून. आमची सुमन स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, आवाज कमी करा की! शेजारचे म्हणतील, उद्धवरावाच्या घरात मारामाऱ्या व्हायल्यात." आम्ही मूळचे लातूरकडचे. एवढी वर्षं पिंपरीत काढली तरी बायकोच्या तोंडातलं गाव काही गेलेलं नाही.

पिक्चरचा वार गुरुवार. आमच्या कंपनीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असायची. मुलगा सुजित लहान होता तेव्हा गुरुवारी त्याची शाळा आणि रविवारी माझी ड्युटी. बापलेकांनी मांडीला मांडी लावून एक पिक्चर बघितल्याचं मला आठवत नाही. तो आता मोठा झाला, वाकडला अकराव्या मजल्यावर राहायला गेला, आणि बघायचं ते राहूनच गेलं. ते मला नातीबरोबर भरून काढायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं. रोज दुपारी बसने वाकडला जायचं, शाळेच्या व्हॅनमधून स्वरूपाला उतरवून घ्यायचं, तिचे आईबाप येईपर्यंत थांबायचं. इतर दिवशी अभ्यास आणि सापशिडी. गुरुवार मात्र आमचा.

आणि हे काम मी ओढवून घेतलेलं नव्हतं. माझ्या सुनेनं, दीपमालानं, स्वतःच्या तोंडानं दिलं होतं. "बाबा, पिक्चरचं खातं तुमचं. तुम्ही पास केलेलं मला विचारायचीसुद्धा गरज नाही," असं ती चारचौघांत म्हणाली होती. मी ते आमच्या बागेतल्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना ऐकवलं. काहींना दोनदा ऐकवलं.

गुरुवारी दुपारी आम्ही सोफ्यावर बसायचो. मधे चिवड्याची वाटी, तिच्या मांडीवर एका कानाचं अस्वल. मारामारी सुरू झाली की ती अस्वल दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची. मला वाटायचं, पोरीला चेव चढलाय. नेमका त्याच वेळी माझा फोन वाजायचा.

"बाबा, ड्राय बाल्कनीतले कपडे काढता का? आभाळ आलंय."

किंवा, "बाबा, दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवायचं राहिलंय."

मी उठायचो. कपडे काढायचे म्हणजे नुसते ओढून आणणं मला जमत नाही. बाह्या सरळ करून, घडी घालूनच आणणार. परत येईपर्यंत मारामारी संपलेली असायची आणि नायक घाम पुसत असायचा. माझी चुकायची, पण मी ती आधीच बघितलेली असायची, म्हणून वाईट वाटायचं नाही.

"कशी झाली मारामारी?" मी विचारायचो.

"भारी!" अंगठा वर करून स्वरूपा म्हणायची.

"आणि जिंकलं कोण?"

"आपला!"

बसमध्ये खिडकीशी बसून मी ते "आपला" आठवत घरी जायचो. सुमनला सांगायचो, पोरगी माझ्यावर गेलीय. आणि सुनेचं कौतुकही करायचो, की तळवड्यात बसून हिला वाकडचं आभाळ कसं दिसतं बघ. सुमन भाजी निवडत राहायची.

मग तो गुरुवार आला. त्या आठवड्याचा पिक्चर मला फारच आवडला होता. वाळवंटात नाहीसं झालेलं तळं शोधायला निघालेली एक मुलगी, तिची ट्रक चालवणारी आत्या आणि एकडोळा उंट. आत्या भरपूर जेवते. उंट परत येतो. आणि किल्ल्याच्या तटावरची मारामारी तर अशी, की आत्या नुसत्या दोरखंडानं चार चोरांना गुंडाळून ठेवते, एकालाही ओरखडा न काढता. मी ती दोनदा बघितली होती. ही एक तरी स्वरूपाबरोबर बसून बघायची, असं ठरवूनच मी वाकडला गेलो.

पिक्चर लावला. चिवडा संपला. मी तिला दुसरी वाटी भरून दिली आणि डोळा मारून म्हणालो, "आज अभ्यासाला सुट्टी. आईला सांगायचं नाही हं."

"सांगायला कशाला पाहिजे?" ती शेंगदाणे वेचत म्हणाली. "आई बघते ना."

"आई ऑफिसात आहे, बाळा."

"त्याच्यातून बघते." तिनं भिंतीकडे बोट केलं.

टीव्हीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, लिंबाएवढा पांढरा कॅमेरा होता. तो बसवला तेव्हा मी तिथंच होतो. स्टूल मीच धरलं होतं. "आम्ही गावाला गेलो की चालू करायचा, बाबा," असं सुजित म्हणाला होता.

"रोज बघते?"

"नाही. गुरुवारी." मग मला समजत नाहीये असं वाटून ती नीट समजावून सांगायला लागली. "मारामारी आली की आई फोन करते. तुम्ही कपडे काढायला जाता. मग मी पुढे ढकलते." रिमोट उचलून अंगठ्यानं कसं ढकलायचं तेही दाखवलं.

"सगळ्या मारामाऱ्या?"

"हं."

"मग भारी म्हणायचीस ते?"

ती अस्वलाचा कान पिळत बसली. "तुम्ही विचारायचात म्हणून."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. उठलो, घडी घातलेला टॉवेल उचलला आणि स्टूलवर चढून त्या कॅमेऱ्यावर टाकला. मी स्टूलवरून उतरतोय तोच फोन वाजला.

"बाबा, काय झालं? कॅमेऱ्यावर..." दीपमाला बोलता बोलता थांबली.

"बोल ना," मी म्हणालो. "आभाळ आलंय का?"

मग ती म्हणाली, "मी घरी येते, बाबा. मग बोलू."

पिक्चर तिथंच बंद केला. उंट वाळवंटात उभाच राहिला.

संध्याकाळी दोघं आले. स्वरूपाला आतल्या खोलीत चित्रं रंगवायला बसवलं. सुजितनं सुरुवात केली, "बाबा, आजकाल सगळ्यांच्याच घरात असतो कॅमेरा."

"असू दे की. मला सांगितलं का होतं? स्टूल धरायला मी चाललो, सांगायला नाही चाललो?"

तो मान खाली घालून मोबाइल चाळायला लागला. मी सुनेकडे वळलो. "तुला मारामारी नको होती, तर तोंडावर सांगायचंस. पिक्चर बाद केला असता मी. त्यात काय? पण खातं तुमचं म्हणायचं, आणि मला लहान पोरासारखं उठवून कपडे काढायला पाठवायचं?"

"माझं चुकलं, बाबा."

"का केलंस ते सांग."

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. "माझंच चुकलं. दुसऱ्या कुणाचं काही नाही यात."

मला ते उडवून लावल्यासारखं वाटलं. भांडली असती तरी चाललं असतं. ही सरळ चूक कबूल करून मोकळी झाली आणि मला भांडायला जागाच ठेवली नाही. सुजितनं स्क्रूड्रायव्हर आणून कॅमेरा काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. त्या वेळी स्टूल मी धरलं नाही.

घरी येऊन सुमनला सांगायला लागलो, तर ती अर्ध्यातच म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"तुला?"

"दीपमालानं मागंच सांगितलं होतं. गुरुवारी तुमचं तोंड असं फुललेलं असायचं, मला सांगवलं नाही."

म्हणजे मुलगा, सून, बायको आणि नात. घरात एवढीच माणसं, आणि माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत. मी बुधवार बुधवार डोळे फोडून पिक्चर पास करत होतो आणि हे सगळे मिळून मला पास करत होते. मी जेवलो नाही. सुमननं ताट झाकून ठेवलं. सगळ्यात जास्त टोचत होता तो अंगठा. मोठी माणसं खोटं बोलतात, त्यांच्याकडून मी ते धरून चालतो. पण माझ्या डोळ्यांत बघून ते पोर इतके महिने "भारी" म्हणत होतं, आणि मी ते बसमध्ये आठवत घरी जात होतो.

पुढच्या गुरुवारी जाऊच नये असं मनात होतं. पण व्हॅनमधून तिला उतरवून कोण घेणार? गेलो. भिंतीवर कॅमेऱ्याच्या जागी स्क्रूची दोन भोकं राहिली होती. मी तोच उंटाचा पिक्चर लावला, मुद्दाम. मनात म्हटलं, आता फोन नाही, कपडे नाहीत. आता ती आजोबानं निवडलेली मारामारी आजोबाबरोबर बघेल, आणि मग खरं काय ते म्हणेल.

आत्या तटावर चढली. चोर आले. ढोल वाजायला लागले. मी पडद्याकडे न बघता स्वरूपाकडे बघत होतो.

तिनं अस्वल डोक्यावर धरलं. पण तोंड टीव्हीकडे नव्हतं. भिंतीवरच्या त्या दोन भोकांकडे अस्वल उंच धरून ती डोळे घट्ट मिटून बसली होती. थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला आणि माझ्या फोनकडे बघितलं. हात दुखायला लागले असावेत, कारण अस्वल हलायला लागलं.

"फोन का नाही आला?" ती म्हणाली.

"आईला आता दिसत नाही, बाळा."

"अस्वलपण नाही दिसत?"

मी टीव्हीचा आवाज बारीक केला. "अस्वल वर केलं की आई फोन करायची?"

"हं. मीच सांगितलं होतं आईला. मारामारी आली की माझ्या पोटात दुखतं." ती आता रडायच्या बेतात होती. "आई म्हणाली, आजोबांना सांगू या. मी नको म्हटलं."

"का गं?"

"तुम्हाला आवडते ना."

पिक्चरमधली आत्या जेवते की नाही, उंट घरी येतो की नाही, हे सगळं मी तपासलं होतं. शेजारी बसलेल्या पोरीला तुला काय आवडतं, हे विचारलं नव्हतं. आणि ती दीपमाला, माझी बोलणी खाताना दाराकडे बघून "दुसऱ्या कुणाचं काही नाही यात" म्हणाली होती. सहा वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द तिनं माझ्यासमोरसुद्धा मोडला नव्हता. तिच्यावर चिडावं तरी कसं, आणि फसवलं गेल्याची जी आग होती ती नेऊन टाकावी कुठं, मला कळेना. आग काही कमी झाली नव्हती. उलट आता ती टाकायला कुणी उरलंच नव्हतं.

टीव्हीवर ढोल चालूच होते. स्वरूपानं रिमोट हातात घेतला होता, पण दाबत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "कपडे काढायचेत ना?"

"हो," मी म्हणालो. "आभाळ आलंय."

ड्राय बाल्कनीत कडक ऊन होतं. आल्या आल्या मीच वाळत घातलेले कपडे अजून टपटप गळत होते. मी तिच्या शाळेचा एक शर्ट काढला, पिळला, बाह्या सरळ केल्या आणि परत दोरीवर टाकला. मग दुसरा काढला. आतले ढोल थांबले तरी मी लगेच गेलो नाही. डोळे पुसायला तिथं ओल्या कपड्यांची कमी नव्हती.

आत आलो तेव्हा एकडोळा उंट तळ्यावर पाणी पीत होता. मी सोफ्यावर बसलो. काही विचारलं नाही. तरी स्वरूपानं माझ्याकडे वळून अंगठा वर केला.

"भारी झाली, आजोबा!"