व्हर्नाबाईंचा काळा झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. अमेरिकेत, मिनेसोटातल्या फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयात, न्यायाधीशांच्या खोलीत दाराआड मी टांगलेला असतो. मला सिग्नेबाईंनी शिवले. चर्चमधल्या गायकांचे झगे शिवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मला मात्र त्यांनी लेकीसाठी, व्हर्नासाठी शिवले.

व्हर्नाबाई सहजासहजी न्यायाधीश झाल्या नाहीत. आधी एका न्यायाधीशांच्या हाताखाली निकालांचे मसुदे लिहिले, मग बारा वर्षे सरकारी वकिली केली. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवले, संसदेच्या सिनेट सभागृहाने मतदान करून मान्य केले. शपथेच्या दिवशी सिग्नेबाईंनीच मला लेकीच्या खांद्यांवर चढवले आणि म्हणाल्या, "ही नेमणूक जन्मभराची. आता तुला कुणी काढू शकत नाही. मग भ्यायचं नाही हं कुणाला!"

मी तर फुशारून गेलो. लोक मला पाहून उठून उभे राहत.

अकरा वर्षांनी बाईंचे नाव वरच्या न्यायालयासाठी निघाले आणि पुन्हा सिनेटच्या मतदानाची वाट पाहणे आले. त्याच सुमारास टुली नावाच्या कैद्याचा अर्ज आला. एकवीस वर्षे तुरुंगात काढलेला, कर्करोगाने पोखरलेला माणूस. शेवटचे दिवस लेकीच्या घरी काढू द्या, एवढेच मागणे.

"बाई, टुलीचा अर्ज सगळ्यात वर ठेवलाय," सचिव ओडेल म्हणाले.

"सोडायलाच हवं त्याला. पण मतदान होऊ दे. आत्ता सोडलं तर सिनेटवाले मला सोलून काढतील."

"तो थांबेल हो. आजार थांबेल का?"

"ओडेल, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे!"

तिनाचे सात झाले. मतदानात बाई जिंकल्या. त्याच दुपारी त्यांनी सुटकेवर सही केली. तासाभरात तुरुंगातून फोन आला. टुली रविवारीच गेला होता.

तेव्हा मी बाईंच्या अंगावरच होतो. मला माझीच लाज वाटली.

नव्या शपथेच्या सकाळी सिग्नेबाई मला हातात घेऊन उभ्या होत्या. लेकीने त्यांना सगळे सांगून टाकले. म्हातारीचे हात थबकले.

"तुला तर कुणी काढू शकत नव्हतं ना गं? मग भ्यालीस कुणाला?"

त्यांनी मला खुर्चीवर ठेवले. त्या दिवशी व्हर्नाबाईंनी मला स्वतःच अंगात घातले.

मित्रांनो, आता माझा रंग विटला आहे. मला इस्त्री नको, कौतुक नको. उद्या तुमच्यापैकी कोणी मला घातले, तर सगळ्यात वरचा अर्ज त्याच दिवशी वाचा.