निळी रेघ

पैलवान म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला उंदीर. कण्याला इजा केलेल्या उंदरांत सगळ्यात माजोरडा, म्हणून मीच ठेवलेलं नाव. मागचे पाय फरफटत फिरायचा, तरी चावायला सगळ्यांच्या पुढे! माझा धाकटा भाऊ गच्चीवरून पडल्यापासून कमरेखाली लुळा. तो रोज विचारायचा, "ताई, पैलवान काय म्हणतो?" डॉक्टरांपेक्षा त्याचा या उंदरावर जास्त भरवसा, आणि हे खूळ मीच त्याच्या डोक्यात भरवलेलं.

तुटलेले मज्जातंतू जुळवायचं नवं औषध दिल्यावर पैलवानाला भूल देऊन एमआरआयमध्ये ठेवलं. या तपासणीत तंतू दिसत नाहीत. कण्यातलं पाणी कुठल्या दिशेने सरकतंय तेवढं कळतं, आणि त्यावरून संगणक तंतूंच्या रेघा काढतो. डोक्याकडून शेपटीकडे जाणारी रेघ निळी. ती जखमेपाशी तुटत होती. मला ते बघवेना. दिशा अंधूक असली तरी पुढे जा, असं मी संगणकाला सांगितलं. मर्यादा जराशी सैल केली, एवढंच. रेघ जखम ओलांडून पार गेली. मी इतकी हुरळले, की सरांच्या आधी धाकट्यालाच फोटो पाठवला.

त्याने व्हीलचेअर परत पाठवून दिली. म्हणाला, "उगाच अडगळ." आई कितीतरी महिन्यांनी हसली. मी त्याला अडवायला हवं होतं, पण माझाही जीव त्या रेघेत अडकला होता.

प्रयोग संपला की उंदीर मारून कणा तपासायचा, हे आधीच ठरलेलं असतं. पैलवानाला शेवटची भूल मीच दिली. तेव्हा तो चावला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जखमेत एकही तंतू नव्हता, नुसता व्रण. व्रणातही पाणी थोडंफार सरकतं, आणि मी संगणकाला तेवढ्यावर भागव म्हटलं होतं. सर म्हणाले, "होतं असं. मर्यादा पूर्वीसारखी करून टाका." त्यांचं तेवढ्यावर भागलं.

घरी आले तर धाकट्याने आईकडून पायांत बूट चढवून घेतले होते. सवय असावी म्हणे.

"पैलवान गेला," मी म्हणाले. "आत काही जुळलं नव्हतं रे."

"मग ती निळी रेघ?"

"माझी चूक."

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "बूट काढ."

मी नाड्या सोडल्या.

"काढलेस का?" त्याने विचारलं.

दोन्ही बूट केव्हाच माझ्या मांडीवर होते.