आपल्याच फोनवरचा पहिला नंबर

हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोनशे खुर्च्या कधीच भरल्या होत्या आणि उरलेली मंडळी भिंतीला पाठ लावून उभी होती. गादीवाला होता, चष्मेवाला होता, कुलपं दुरुस्त करणारा होता, शिकवण्या घेणाऱ्या दोघी मैत्रिणी होत्या, दातांच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत होत्या. सगळी आपापल्या धंद्यात मुरलेली, चार पावसाळे जास्त पाहिलेली माणसं. आणि ही शहाणीसुरती माणसं हातातला मोबाईल उंच धरून, मान वर करून व्यासपीठाकडे बघत होती.

व्यासपीठावर नंबरवाले सर उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गालाला चिकटलेला माईक आणि चेहऱ्यावर असं हसू, की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"डोळे मिटा," सर म्हणाले. "मनात शंका नको. शंका घेतली की नंबर घसरतो, हे मी शंभरदा सांगितलंय. उघडा डोळे. आता आपापल्या दुकानाचं नाव टाका आणि शोधा."

अंगठे चालू लागले. आणि एकच गलका उठला.

"पहिला!" गादीवाला खुर्चीवर उभा राहिला. "सर, माझं दुकान पहिलं!"

"माझंही पहिलंच," चष्मेवाला म्हणाला. शिकवणीवाल्या मैत्रिणींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, खरंच पाणी आलं.

"मी काही केलेलं नाही," सरांनी हात जोडले. "मी निमित्तमात्र. हे सगळं त्या सिद्ध टेम्प्लेटनं केलं. वेबसाइटचे साचे बाजारात ढीगभर मिळतात, पण त्यात प्राण नसतो. आपल्या टेम्प्लेटमधलं ते सोनेरी चक्र शोधयंत्राच्या लहरींना खेचून घेतं. हे विज्ञान आहे बरं का, अंधश्रद्धा नाही."

शेवटच्या रांगेत बसलेल्या ग्रंथपालबाईंनी आपला मोबाईल पर्समधून काढलाच नव्हता. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. त्याच्या फोनवरही त्याचंच दुकान पहिलं होतं आणि तरी त्याचा चेहरा उतरलेला होता.

हा भाऊ बूट बनवायचा. साधे नाहीत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल वाकडं, ज्यांची बोटं साखरेच्या आजारानं गेलेली, त्यांच्यासाठी माप घेऊन बूट. असं काम करणारा आसपास दुसरा नव्हता. आठ वर्षांपूर्वी पोरासोरांकडून एक साधी वेबसाइट करून घेतली होती. दिसायला अगदी बावळट, पण अकरा पानं होती आणि प्रत्येक पानावर एकेका दुखण्याबद्दल त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. लोक ते वाचून लांबलांबून यायचे. हाडांच्या इस्पितळानंसुद्धा आपल्या यादीत त्यातल्या दोन पानांचा पत्ता दिला होता. सात महिन्यांपूर्वी सरांनी ती वेबसाइट पाहून नाक मुरडलं, "हे पान मेलेलं आहे" म्हणाले आणि सिद्ध टेम्प्लेट बसवून दिलं. त्या दिवसापासून फोन मुका झाला तो झाला.

बाईंना हे कळलं तीनच दिवसांपूर्वी, आणि तेही भावाकडून नाही. ग्रंथालयात दुपारी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या डाव्या बुटाला खालून जुन्या चपलेचे तीन थर शिवले होते, दाभणानं, जाड दोऱ्यानं.

"असे बूट करणाऱ्यांचा पत्ता कुठल्या पुस्तकात मिळेल का?" आईनं विचारलं. "मोबाईलवर चार महिने शोधतेय, कुणीच सापडत नाही. शेवटी मीच शिवलं."

बाईंचा भाऊ तिथून दोन गल्ल्या पलीकडे रिकामा बसला होता. बाईंनी टेबलाला कुलूप घातलं, मुलीचा हात धरला आणि दोघींना थेट त्याच्यासमोर नेऊन उभं केलं.

त्यानं माप घेतलं, कागदावर पाऊल आखलं, मुलीशी थट्टामस्करी केली. मायलेकी गेल्यावर मात्र चामडं कापायची रापी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, सांगणारच होतो तुला. महिनाअखेरीला ही खोली सोडतोय. खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय."

"आणि ही अवजारं?"

"भंगारवाला बघून गेला."

भावजय आतून चहा घेऊन आली. "ताई, तुम्हीच सांगा यांना. मी बोलले की म्हणतात, तुझ्या शंकेमुळेच नंबर बसत नाही. सरांनी तसं सांगितलंय म्हणे."

"बसत नाही कसा? पहिला आहे मी," भाऊ उसळला आणि त्यानं फोन पुढे केला. नुसतं 'बूट' टाकलं तरी त्याचंच दुकान पहिलं. "रोज सकाळी शटर उघडायच्या आधी अकरा वेळा शोधतो आणि अकरा वेळा उघडतो. सगळे करतात. सरांनी दिलेला सराव आहे तो. नंबर बसलाय, गिऱ्हाईक येत नाही ते माझा विश्वास कमी पडतो म्हणून."

बाई चहा न पिताच उठल्या. सव्वीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात काढली होती. वाचकाला पुस्तकाचं नाव क्वचितच ठाऊक असतं, तो आपली गरज घेऊन येतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ग्रंथालयाच्या जुन्या संगणकावर त्यांनी त्या आईनं टाकले असतील तेच शब्द टाकले: एक पाय आखूड, बूट. पहिल्या पानावर भाऊ नाही. दुसऱ्यावर नाही. पाचव्यावरही नाही. मग त्यांनी दुकानाचं नाव टाकून त्याची वेबसाइट उघडली आणि तासभर तिची चिरफाड केली, सरांच्या इतर शिष्यांच्याही दहाबारा तपासल्या. शेवटी पानांच्या तळाशी काय लपवलंय ते त्यांना दिसलं. किळसवाणं काहीतरी उघड्या हातानं उचलल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी उठून हात धुतले.

म्हणून त्या आज हॉलमध्ये आल्या होत्या.

"आता थोडं कटू बोलतो," व्यासपीठावरून सरांचा आवाज आला. "आपल्यात असेही आहेत, की ज्यांना टेम्प्लेट फळलं नाही. ते बूटवाले उठा बरं. संकोच करू नका. बघा यांच्याकडे. नंबर पहिला, पण मनात किंतु."

दोनशे माना वळल्या. भाऊ उभा राहिला, मान खाली घालून, हात मागे बांधून. पन्नाशीला टेकलेला माणूस, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. बाईंचा संताप मस्तकात गेला.

"किंतु माझ्या मनात आहे, सर," त्या उभ्या राहिल्या. "याला बसू द्या. मला एक प्रयोग करायचाय, दोन मिनिटांचा."

सरांचं हसू जागचं हललं नाही. "अवश्य. सत्याला प्रयोगाचं भय नसतं."

दाराशी हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशी झाडू टेकवून उभ्या होत्या. बाई त्यांच्याकडे गेल्या. "मावशी, यातल्या कुणाची वेबसाइट कधी उघडलीत?"

"मी कशाला उघडू?"

"मग तुमचाच फोन हवा." बाई गादीवाल्याकडे वळल्या. "दादा, कंबर दुखणाऱ्या माणसाला गादी हवीय आणि तुमचं दुकान त्याला माहीत नाही. तो काय शोधेल?"

"कंबरदुखीसाठी गादी," गादीवाला छाती काढून म्हणाला.

मावशींनी टाकलं आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. पहिलं दुसऱ्याचं, दुसरं तिसऱ्याचं. पान संपलं. पुढचं संपलं. गादीवाल्याचं नाव कुठंच नव्हतं. गादीवाला खुर्चीवरून हळूच खाली उतरला.

"परक्या फोनवर साधना झालेली नाही," सर शांतपणे म्हणाले. "लहरी जुळायला वेळ लागतो."

"गिऱ्हाईक परकंच असतं, सर," बाई म्हणाल्या. "आपलं दुकान आपल्याला रोज सापडतं, त्यात नवल काय? दुकानाचं नाव टाकलं तर तेच वर येणार, त्या नावाचं दुसरं आहे कोण? आणि एकाच फोनवरून रोज अकरा वेळा एकच पान उघडलं, की त्या फोनला तुमची आवड कळते. तो तुमच्या आवडीचंच पुढे करतो. तुमचा नंबर तुमच्या खिशापुरता पहिला आहे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मावशींनी तोवर गादीवाल्याची वेबसाइट नाव टाकून उघडली होती. "बाई, हे सोन्याचं चाक नुसतं फिरतंय. मला गादी हवी असती तर एव्हाना मी दुसरीकडे गेले असते."

लोक हसले. सर हसले नाहीत.

"ते चाक एवढं जड आहे, की साध्या फोनवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो," बाई म्हणाल्या. "पण खरा घोळ पुढेच आहे. शोधयंत्र अक्षरं वाचतं. या टेम्प्लेटमध्ये अक्षरंच नाहीत. सगळा मजकूर छान रंगवून चित्रात चिकटवलाय. माझ्या भावाची अकरा पानं होती, प्रत्येकाला वेगळं नाव होतं. त्यांचं एक चित्र केलं आणि वर नाव दिलं 'शुभ स्वागत'. तुमच्याही सगळ्यांच्या पानांना हेच नाव आहे. माझ्या ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर मी 'शुभ स्वागत' लिहिलं, तर तुम्हाला पाकशास्त्राचं पुस्तक कसं सापडेल? जुन्या पानांचे पत्तेही पुसले. इस्पितळाच्या यादीतून माणूस येतो आणि त्याला उत्तर मिळतं, 'पान सापडत नाही'."

"टेम्प्लेटचा अपमान करू नका," सरांचा आवाज पहिल्यांदा चढला.

पहिल्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई उठल्या. "अपमान राहू द्या. अजून काही आहे का, ते मला बघायचंय." त्या सरळ व्यासपीठावर गेल्या, सरांच्या लॅपटॉपवर त्यांनी आपल्या दवाखान्याचं पान उघडलं. मोठ्या पडद्यावर चकचकीत दात आणि खाली मोकळी पांढरी जागा दिसली. "काय करू?"

"सगळं पान निवडा," बाई म्हणाल्या. "एकदम सगळं."

डॉक्टरीणबाईंनी दोन बटणं दाबली. पान निळं झालं आणि त्या मोकळ्या जागेत अक्षरं उमटली. पांढऱ्यावर पांढऱ्यानं लिहिलेली, मुंगीएवढी. 'धंदा वाढवणारे गुरू. पहिला नंबर हमखास. सिद्ध टेम्प्लेट येथे मिळेल.' तेच, तेच, साठ ओळी. प्रत्येक ओळ सरांच्या वेबसाइटकडे जाणारी वाट. सरांनी आपलं डिंकाचं बोट दोनशे दुकानांच्या तळाला पुसलं होतं.



"दोनशे दुकानं याच्याकडे बोट दाखवतायत असं शोधयंत्राला वाटलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "म्हणून ते याला वर चढवत गेलं. पहिला नंबर खरंच आला, पण एकाच माणसाचा. आणि अशी लपवाछपवी शोधयंत्राच्या ध्यानात आली, की ज्याच्या पानावर ती असते तेच पान मागे ढकललं जातं. म्हणजे तुमचं."

सर दोन मिनिटं ऊर्जा, कृतघ्नता आणि निंदक यांवर बोलले आणि मागच्या दारानं निघाले. आता ऐका, खरी शिसारी कशाची येते ते. अर्धा हॉल त्यांच्या मागे धावला. जाब विचारायला नव्हे. "सर, नवीन टेम्प्लेट कधी येतंय?" हे विचारायला. गादीवाला तर जाता जाता बाईंना म्हणाला, "तुमचं असेल बरोबर. पण माझ्या फोनवर तर पहिलाच येतो ना." यावर काय बोलणार? कपाळ?

घरी परतताना भाऊ म्हणाला, "सात महिने मी रोज अकरा वेळा मलाच शोधत होतो, ताई."

"आता दुसरे तुला शोधतील असं काहीतरी लिही," बाई म्हणाल्या.

तो लिहायला बसला. टेम्प्लेट काढलं, एक साधं, हलकं घेतलं, ज्यात अक्षरं अक्षरांसारखी राहतात. एका पायाच्या आखूडपणाबद्दल एक पान, वाकड्या पावलाबद्दल दुसरं, साखरेच्या जखमांबद्दल तिसरं. जुनी पानं गेलीच होती, सगळं आठवून आठवून लिहावं लागलं. जुन्या पत्त्यांवर येणाऱ्यांसाठी नव्या पानांची वाट जोडून दिली. खोली सोडायचं त्यानं रद्द केलं, पण कारखान्यात दोन महिने खोकी बांधावीच लागली, सकाळची पाळी. जादू झाली नाही. पहिला अनोळखी फोन सातव्या आठवड्यात आला, दुसरा त्यानंतर पाच दिवसांनी. तिसऱ्या महिन्यात त्यानं कारखान्याला रामराम ठोकला.

त्या फोनांपैकी एक म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. म्हणाले, "मागच्या हिवाळ्यात खूप शोधलं होतं, तुम्ही सापडला नाहीत. मग पायाची जखम चिघळली. आता एकाच पायाचा बूट लागेल."

भावानं माप घ्यायची वेळ दिली, फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसला.

वाचकहो, यंत्राला शाप कळत नाही आणि आशीर्वादही कळत नाही. ते मांडलेलं वाचतं, मांडलेलं नसेल तर पुढे जातं. त्यात न समजण्यासारखं काही नाही, आणि समजत नसेल तर विचारायला लाजू नका. तुम्हाला चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा, की बाबा रे, माझ्या हातात नको, रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या हातात दाखव. तो चिडला तर उठून घरी या. त्या सात महिन्यांत आणखी किती जणांनी शोधलं आणि ते तसेच लंगडत राहिले, याची नोंद कुठल्याही यंत्रात नाही.