बॅटरीचा काही दोष नव्हता

मित्रांनो, आधी मला गार्थची तक्रार करू द्या, माझी कहाणी मग सांगते. हा साठीला आलेला बाप्या दर दोन-तीन दिवसांनी माझं बॉनेट उघडायचा, बॅटरीनं घरात चोरी केल्यासारखा तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मेली, हीसुद्धा मेली!" अशा कितीतरी सरळमार्गी बॅटऱ्या त्यानं बदनाम करून घराबाहेर काढल्या.

मी एक जुनी गाडी आहे, ॲडलेडकडच्या मूंटा गावची. चार दारं, सायीसारखा रंग आणि तोंडावर भरपूर क्रोम. शाळा मी पाहिली ती फाटकाबाहेरून, पोरांना सोडताना. पण माणूस ओळखायला मला तेवढी पुरली.

मला घरी आणलं ते गार्थच्या बापानं, ल्यू ट्रेनविथनं. त्याची बायको एनिड माझ्या डाव्या सीटवर राणीसारखी बसायची. तिच्या पुढ्यातल्या खणात पट्ट्यापट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. अंधार पडला की तिला त्या सापडत नसत, म्हणून ल्यूनं थेट बॅटरीवरून तार ओढून आपल्या हातानं त्या खणात एक चिमुकला दिवा बसवला. खण उघडला की लागायचा, मिटला की विझायचा. चर्च झालं, बाळंतपणं झाली, उन्हाळ्यात समुद्रावर जाणं झालं. मी कुणाला वाटेत उतरवलं नाही. रस्त्यात लोक थांबून माझ्यावरून हात फिरवायचे.

मग ल्यू गेला आणि मी शेडमध्ये गेले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. येणारा जाणारा चाकाला लाथ मारून विचारायचा, "अजून आहे होय ही?" पत्र्यालाही असलं बोलणं लागतं, मित्रांनो.

गार्थ नोकरीतून मोकळा झाला आणि त्यानं मला हाती धरलं. खोटं कशाला बोलू? गंज खरवडला, सीटा नव्यानं शिवल्या, जुन्या तारा बदलल्या. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकाचं बोट कुठंही अडखळू नये म्हणून त्यानं डाग डाग शोधून काढला. मी पुन्हा नवरीसारखी झाले. फक्त माझ्या डाव्या कुशीत रात्रंदिवस ऊब वाटायची, आणि दोन-तीन दिवसांत अंगातलं बळ जायचं.

साता समुद्रापलीकडून आलेल्या गावच्या पूर्वजांच्या आठवणीचा कॉर्निश मेळा जवळ आला; तो मे महिन्यात, आमच्याकडे थंडी पडू लागते तेव्हा भरतो. ल्यू होता तेव्हा त्याच्या शेजारी बसून एनिड मिरवणुकीत जायची, तशीच एकदा जायची तिची इच्छा होती. गार्थ मात्र वैतागला होता.

"आई, रविवारपर्यंत धड झाली नाही तर हिला ॲडलेडच्या संग्रहालयात देऊन टाकतो. गावासमोर ढकलत न्यायची का?"

"तुला ढकलत ढकलतच शाळेत घातलं होतं रे. तेव्हा नाही कुणाला देऊन टाकलं!"

संग्रहालय म्हणजे बॅटरी काढायची आणि जन्मभर दोरीपलीकडे उभं राहायचं. मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, भोंगा आहे; आणि बॅटरी उतरली की भोंगाही मुका.

शनिवारी सकाळी गार्थला अखेर सुबुद्धी झाली. त्यानं बॅटरीची एक तार सोडवली आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडला. माझं सगळं बंद असूनही बल्ब मिणमिणला. म्हणजे कुणीतरी गुपचूप पीत होतं! त्यानं फ्यूज काढले, बल्ब तसाच. डायनॅमोची तार सोडली, घड्याळाची सोडली, तरी तसाच. गाडीच्या पुस्तकातला तारांचा नकाशा पाहिला, पण त्यात दुसरं काही नव्हतं. गार्थनं पाना आपटला.

तेवढ्यात एनिड मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी घेऊन आली. डाव्या सीटवर बसून तिनं खण उघडला आणि गोळ्यांची पुडी चाचपली.

"गार्थ, बाहेर दात वाजतायत. मग माझ्या गोळ्या चिकट कशानं झाल्या?"

"आई, आत्ता गोळ्या नकोत."

"खण ऊन लागतोय बघ."

"उघडल्यावर दिवा लागणारच ना!"

"आणि मिटल्यावर विझतो, हे तू आत बसून पाहिलंस का?"

एनिडनं झाकणाच्या आतून बोट फिरवलं. "इथलं बूच कुठाय? झाकण दिव्याच्या बटणाला टेकत नव्हतं, म्हणून तुझ्या बापानं आल्याच्या सरबताच्या बाटलीचं बूच चिकटवलं होतं."

"ते... ते होय? मला वाटलं घाण आहे. खरवडून टाकलं."

तिनं बटण बोटानं दाबून धरलं. पुढून गार्थ ओरडला, "विझला! आई, बल्ब विझला!"

तिनं त्याच दुपारी मेळ्यासाठीची एक बाटली फोडली, सरबत त्याला पाजलं आणि बूच मला लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल घासा, पुसा. पण एखादी गोष्ट तिथं का आहे, हे ठाऊक असणारं माणूस घरात असेल तर त्याला विचारा. बूच बिचारं दिसायला घाणच होतं.

रविवारी मी पहिल्या किल्लीला उठले. मिरवणुकीत एनिड डाव्या बाजूला, गालात पेपरमिंट. चर्चच्या वळणावर तिनं हात लांब करून माझा भोंगा दाबला, आणि इतके दिवस कोंडलेलं मी गावादेखत मोठ्यानं बोलून टाकलं:

"गार्थ, तू हातानं चांगला आहेस, पण विचारायला तुझी जीभ जड. यापुढे माझ्या अंगावरचं काहीही काढण्याआधी आईला विचार. आणि घरी गेल्यावर त्या सगळ्या बॅटऱ्यांची माफी माग!"