सातानं गुणलं की

गोळीचा अर्धा तुकडा बाबांच्या खालच्या ओठाला चिकटून राहिला होता, पांढरा, कडेनं विरघळत चाललेला — महामायानं तो बोटानं आत लोटला, पाणी पाजलं, हनुवटी पुसली, आणि बाबा नेहमीसारखे तिच्याकडे बघत म्हणाले, "आठ… पाच… सात… एक… चार… दोन."

"हाव बाबा," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार! पॅरालिसिसच्या झटक्यानंतर गुलाबराव मास्तरांजवळ शब्द असे उरलेच नव्हते. उरले होते सहा आकडे, आणि तेही रोज वेगळे. भाऊ संघर्ष पुण्याहून फोनवर हसायचा — "आला बाबांचा ओटीपी!" मलकापुरातल्या या दोन खोल्यांत हसायला दुसरं होतं तरी काय, मग तीही हसायची.

आज सकाळी मात्र हसणं झालं नव्हतं. तिची बिनपगारी रजा संपत आलेली. रविवारी बाबांना अकोल्याच्या वृद्धाश्रमात पोचवायचं ठरलं — इथंच, या खाटेशेजारी, फोन स्पीकरवर ठेवून. "त्याह्यले काही समजत नाही माया, तू काऊन जीवाले लावून घेतं?" संघर्ष म्हणाला. आणि ती म्हणाली होती, "बाबा राह्यलेच कुठी आता? सुटले असते तं बरं झालं असतं."

कणकेत पाणी घालताना आकडे जिभेवर आपोआप फिरत होते… आठ पाच सात एक चार दोन… काल काय होतं? सात एक चार दोन आठ पाच. म्हणजे… तिचे हात थांबले. वेगळे कुठं होते ते? तेच सहा, त्याच रांगेत, फक्त सुरुवात दुसऱ्या ठिकाणाहून — आणि एकदम धामणगाव बढ्याच्या शाळेतला फळा, खडूनं भरलेली बाबांची बाही, पुढच्या बाकावर ती… एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! "लय इमानदार आकडा हाये पोट्टेहो. दोनानं गुणा, तिनानं गुणा, घरातले मानसं तेच, नुसत्या जागा बदलतेत."

कणकेच्या बोटानं तिनं मोबाईलवर गुणून पाहिलं. पाचानं — कालचे आकडे. सहानं — आजचे. अगं बाई… बाबा बरळत नव्हते. बाबा पाढा म्हणत होते, रोज एक पायरी, सहापर्यंत गेले की परत पहिल्यापासून, आणि पुढचं कोणी म्हणतं का ते बघत होते.

ती तशीच खाटेपाशी धावली. "बाबा… आन् सातानं?"

वाकडं झालेलं तोंड बराच वेळ नुसतंच हललं. "नऊ," बाबा म्हणाले. "नऊ… नऊ…" सहाही नऊ त्यांनी सावकाश, एकेक करून दिले, कुठं चुकले नाहीत, आणि मग वर्गात बघायचे तसे बघत राहिले — समजलं का?

आनंदानं ओरडावं, संघर्षला फोन लावावा, असं क्षणभर वाटलं. आणि मग फोनकडे गेलेला हात तिनं मागं घेतला. बाबा आहेत. म्हणजे सकाळीही होते. ओटीपीच्या हसण्यात होते, लंगोट बदलताना कपाळाला हात लावून ती जे जे बोलली त्या प्रत्येक वेळी इथंच होते, ऐकत… सुटले असते तर बरं, हे ऐकल्यावर त्यांनी तिच्याच हातची गोळी मुकाट्यानं गिळली होती आणि तिला पुढचे आकडे दिले होते.

"बाबा," ती म्हणाली. बोटांवर वाळत चाललेली कणीक ती खरवडत बसली, त्यांच्या डोळ्यांकडे न बघता.