गोधडीचं पोट

लातूरच्या मंगल कार्यालयात आमची गोधडी मागच्या भिंतीवर लावली होती, जेवणाच्या हॉलकडे जाणाऱ्या दाराशेजारी. वरून बांबू आरपार घातलेला, खाली रुद्रम्माच्या लग्नातल्या इरकलीचा लाल काठ. काठ दोन्ही टोकांना भिंतीला टेकला होता आणि मधोमध चांगला वीतभर पुढे आला होता. येणारेजाणारे त्याला हात लावून बघत, आत काही ठेवलंय की काय म्हणून.

"पोट आलंय हिला," रुद्रम्मा म्हणाली. "माझ्यावर गेली."

ती हसली, पण पदराने कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत तिला घाम आला होता.

प्रदर्शन भरवणारी करिश्मा पंचविशीतली, वस्त्रकलेचं शिकून आलेली मुलगी. तिने गोधडी उलटसुलट नीट पाहिली. "काकू, रंगांची जुळणी अप्रतिम आहे. पण दोन हात कळतात, आणि मग ती अशी फुगते. पुढच्या वर्षी एकाच हाताने शिवा. समोरची भिंत तुमच्यासाठी ठेवते."

समोरची भिंत म्हणजे दारातून आत आल्यावर पहिली दिसणारी. रुद्रम्माने त्या भिंतीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पाहतच राहिली.

आम्ही दोघी मुरुमच्या. एकाच गल्लीत राहतो. रुद्रम्माचं बाजारपेठेत ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, शेजारच्या गाळ्यात तिचे यजमान ईरण्णा सरकी पेंड विकतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. ब्लाऊज शिवायला टाकायच्या निमित्ताने ओळख झाली आणि गोधडीवरून ती वाढली. सोलापूर, लातूर, उमरग्याचा बचत गटांचा मेळावा, जिथे गोधड्या मांडल्यात असं कळेल तिथे आम्ही एसटीने जातो. रुद्रम्मा पुढून बघते. हा तुकडा नारायणपेठचा, हा कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाचा, ही बाई मुलीवर रुसलेली असताना शिवत होती, असं ती ठासून सांगते. मी मागची बाजू उलटून टाके बघते. गोधडीवाल्या बायकांना ते आवडत नाही.

"सायन्सबाई, पोरीचे दात मोजताय व्हय?" असं एकदा सोलापुरात एकीने विचारलं होतं. रुद्रम्मा ते अजून सगळ्यांना सांगते.

त्या दिवशी लातूरहून परतताना एसटीने औसा मागे टाकलं. मग रुद्रम्मा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मंजू, पुढची मी एकटीच शिवते. तू तुकडे जुळव, कापून दे. तुझं डोकं रंगात लई चांगलं चालतं."

"बरं," मी म्हणाले.

बरं नव्हतं. तुकडे जुळवायचं काम आठवड्याभरात संपतं. शिवायचं काम दिवाळीनंतर सुरू होऊन थंडीभर चालतं, आणि दर रविवारी दुपारी मी तिच्या माडीवर असते ती त्यासाठीच. तुकडे जुळवणारी बाई पाहुणी असते, चहा घेऊन घरी जाते. मला सुई हवी होती.

तसं तिला सांगून उपयोग नव्हता. रुद्रम्माला ती भिंत हवी होती आणि ते मागणं रास्त होतं. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की पोट येतं कशामुळे.

गोधडी धुऊन देते असं सांगून मी घरी नेली आणि हॉलमध्ये अंथरली. तिच्या दुकानातल्या बाकावर आमची त्याआधीची गोधडी असते, तीही मागून आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींना पोट होतं आणि दोन्हींचं एकाच जागी, लाल काठाच्या मधोमध. माडीवर रुद्रम्मा काठाची बाजू नेहमी खिडकीकडे ठेवते, उजेडात दिसावी म्हणून. म्हणजे पोट खिडकीकडे येत होतं. आणि खिडकीकडे आणखी एक गोष्ट दर वेळी व्हायची. तिथे आम्ही दोघी भेटायचो.

गोधडी कडेकडेने शिवत आत जातात. आम्ही दोघी दाराकडून सुरुवात करायचो, ती एका अंगाला, मी समोरच्या अंगाला. ती उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे शिवत जाते. मी डावखुरी आहे, माझे टाके डावीकडून उजवीकडे जातात. समोरासमोर बसलेल्या दोघींनी असं शिवलं की दोघीही खिडकीकडेच सरकतात. फेरी संपली की आमची डोकी एकमेकींना लागायची, आणि रुद्रम्मा खाली हाक मारायची, "अहो, चहा ठेवा, आमी पोचलो!"

मी जुन्या चादरीचे दोन तुकडे एकावर एक ठेवले, दोन्ही टोकं जुळवली आणि एक ओळ शिवली. ओळीच्या शेवटी वरचं कापड खालच्यापेक्षा किंचित पुढे आलं होतं, नखाएवढं. पुन्हा शिवून पाहिलं, पुन्हा तेच. प्रत्येक टाका वरचं कापड केसभर पुढे ढकलतो. एका ओळीत ते कळत नाही. पण दोन बायका थंडीभर एकाच बाजूला कापड ढकलत राहिल्या तर ते जाणार कुठे?

रविवारी मी तिच्या माडीवर सतरंजी अंथरली. तिला एका अंगाला बसवलं, मी समोर बसले.

"आता तळवा दाबून खिडकीकडे सरकव. मीही सरकवते."

खिडकीपाशी सतरंजीची घडी उभी राहिली. रुद्रम्माने ती पाहिली, हात मागे घेतला, पुन्हा सरकवून पाहिली.

"अय्यो! म्हंजे ह्ये पोट आपणच आणतो व्हय, दोघी मिळून?"

"हो."

"आन् मी एकटीच शिवली तर?"

"तर कापड फेरीबरोबर फिरत राहील. एका जागी साठणार नाही."

"मग त्या पोरीनं काय वेगळं सांगितलं होतं?"

मी सतरंजीची घडी तळव्याने सपाट केली. महिनाभर विचार करून मी करिश्माचंच म्हणणं पक्कं करून दिलं होतं.

रुद्रम्माला माझं तोंड दिसलं असावं. "रडू नको. उजव्या हातानं शिव की. माणूस शिकला की सगळं येतं."

मी सतरंजीच्या माझ्या बाजूच्या कडेवर जुनी चादर पसरली आणि उजव्या हातात सुई धरली. पहिला टाका घालायलाच एवढा वेळ लागला की ईरण्णा चहा घेऊन वर आले, थोडं थांबून बघत राहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, वर्गात फळ्यावर बी असंच लिवता का?" पुढचे टाके म्हणजे कुणीतरी फुंकर मारल्यावर पांगलेल्या मुंग्या. रुद्रम्मा आधी पदरात हसत होती, मग तिने पदर सोडला.

"हसू नकोस, रुद्रम्मा."

"मी कुठं हसतेय? तू जीभ बाहिर काढून शिवतीस, ती बघून हसू येतंय."

"मग बघू नकोस ना!"

"तू समोर बसलीस तर दिसणारच! जा, पाठ करून बस माझ्याकडं."

मी रागावलेच होते. उठले, सतरंजीवर आत सरकले आणि खरोखरच तिच्याकडे पाठ करून बसले, तोंड भिंतीकडे. सुई आपोआप डाव्या हातात आली. सवयीप्रमाणे डावीकडून उजवीकडे चार टाके घातले आणि थांबले. सुई खिडकीकडून निघाली होती आणि दाराकडे चालली होती.

"रुद्रम्मा, तू कुठल्या बाजूला शिवतेस?"

"खिडकीकडं. कितीदा सांगू?"

"मी आता दाराकडे शिवतेय."

पाठीमागे तिच्या बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं. ती बोट हवेत गोल फिरवत होती, स्वतःच्या बाजूने खिडकीकडे, तिथून माझ्या बाजूला, माझ्या बाजूने दाराकडे आणि परत स्वतःपाशी.

"जात्यावानी," ती म्हणाली. "दोघी एकाच अंगानं फिरतोय."

"हो. तू बाहेर बसून, मी आत बसून."

"आन् भेट न्हाय व्हायची?"

"नाही. एकमेकींच्या मागे फिरत राहायचं."

"साकु, साकु!" ती टाळी वाजवत म्हणाली. आनंद झाला की ती कानडीत पुरे म्हणते. "आण कापड. करिश्माची भिंत घेतलीच म्हण."

त्या वर्षीची गोधडी आम्ही दिवाळीनंतर तशीच शिवली. ती बाहेर, मी गोधडीवर आत, तिच्याकडे पाठ. आधी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दोरा संपला तर मागे न बघता हात पसरायचा आणि ती त्यात रीळ ठेवायची. तोंड दिसत नसल्यामुळे ती जास्त बोलू लागली. मुलगी शिवप्रिया बंगळुरूहून फोन करते पण ऐकत नाही, दुकानात रेडिमेड ब्लाऊजमुळे गिऱ्हाईक कमी झालंय, हे सगळं ती माझ्या पाठीला सांगायची. एका रविवारी माझ्या पसरलेल्या हातात रीळ ठेवताना तिने हाक मारली.

"मंजू."

"काय?"

"एसटीत मी तुला तसं बोलायला नको होतं. ती भिंत बघून डोकं फिरलं माझं."

"भिंत चांगलीच आहे," मी म्हणाले.

"लई चांगली हाय."

एवढंच. तिने सुई दातात धरली असावी, कारण पुढचे शब्द कळले नाहीत.

फेऱ्या आत येत गेल्या तशी माझी बसायची जागा आटत गेली. संक्रांतीच्या सुमारास मी पाटाएवढ्या चौकोनावर गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि रुद्रम्मा म्हणत होती, "बाळंतिणीला बी एवढं दाबून बसवत न्हाईत गं." शेवटी मला उतरावंच लागलं. राहिलेला चौकोन एकीनेच शिवायचा होता, मी उठून बाजूला झाले.

"कुठं चाललीस? जागा तुझी हाय ती," म्हणून तिने सुई माझ्या हातात दिली. आता चौकोन इतका लहान होता की हात लांबवून पलीकडची कड शिवता येत होती. फेरीची दिशा तीच ठेवून मी तो पुरा केला.

लातूरला या वेळी आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने पोचलो. करिश्माने बांबू घातला, दोन पोरांनी तो वर चढवला. गोधडी उलगडत खाली आली आणि भिंतीला लागून राहिली. रुद्रम्माचा तेवढ्यावर विश्वास बसेना. तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला बांधला, स्टुलावर चढली आणि गवंडी ओळंबा सोडतो तसा बांबूपासून सोडला. लाल काठाच्या मधोमध दोरा कापडाला चिकटून सरळ खाली गेला.

करिश्माने गोधडीवरून हात फिरवला, मग कोपरा उलटून मागचे टाके पाहिले. मला ती मुलगी आवडू लागली.

"काकू, एकदम सपाट आलीय. मी म्हटलं होतं ना? एका हाताची गोष्टच वेगळी."

"एका न्हाय," रुद्रम्मा स्टुलावरूनच म्हणाली. "दोघींनी शिवलीय. गेल्या साली ज्या दोघी होत्या, त्याच."

"पण मग पोट कुठे गेलं?"

रुद्रम्मा खाली उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी समजले. आमच्या पिशवीत पुढच्या गोधडीचं कापड होतं, टाचून ठेवलेलं. एसटीत रिकामे हात तिला चालत नाहीत. तिने ते कार्यालयाच्या मधोमध फरशीवर अंथरलं, कडेला मांडी घातली आणि आजूबाजूच्या स्टॉलवरच्या बायकांना हाक मारली.

"या गं, बघून घ्या. हितं मी बसते. आन् ही आमची सायन्सबाई, ही आत बसते, माझ्यावर रुसल्यावानी."

बायका हसत गोळा झाल्या. करिश्माने मोबाईल वर धरला. मी चपला काढल्या, कापडावर गेले, रुद्रम्माकडे पाठ करून बसले आणि मागे हात पसरला. तिने त्यात रीळ ठेवलं.