तांबड्यातलं नाव

हातमोज्याचं एक बोट फाटलेलं होतं — बादलीच्या काठावर वाळत टाकलेल्या पिवळ्या रबरी हातमोज्याचं — आणि त्या भोकाला चिकटलेलं पांढरं काहीतरी, भाताचं शीत असावं, माधवीला दिसलं, तशी तिला पुन्हा किळस आली. नजर दुसरीकडे न्यावी म्हणून तिने भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे तर आणखीच वाईट.

ते सगळं तिनेच बनवलेलं; आकड्यांचे असे फलक मांडून देणं हेच तिचं काम. भुशी धरणाच्या चढावरच्या या रिसॉर्टमध्ये साफसफाई करणाऱ्या नऊ बायकांची नावं, नावापुढे एका खोलीला लागणारी सरासरी मिनिटं. वरची नावं हिरवी, मधली पिवळी, आणि तळाला एकच लाल — झुंबरबाई, बावन्न. बघणाऱ्याला पाच सेकंदांत कळलं पाहिजे, हा तिचा धंद्यातला मंत्र. आणि कळत होतंच की! मॅनेजर समर्थ तर तीन सेकंदांत म्हणाला होता, "ही ढिली. आज संध्याकाळी हिला कामावरून मोकळं करतो."

मग ती सात नंबरच्या खोलीत गेली... कशाला गेली? आकडे बरोबर भरले जातात का बघायला. बेसिन तुंबलेलं, त्यात ओकलेली बिर्याणी, दारूचा आंबूस वास, गादीवरही तेच — शनिवार-रविवारी इथे माणसं निसर्ग बघायला येतात म्हणे! — आणि त्या सगळ्यात हात घालून झुंबरबाई. वडिवळे गावची, पन्नाशी उलटलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "तुमी भायेर थांबा ताई. मला किळस येत न्हाई, म्हनून असल्या खोल्या मलाच देत्यात." बावन्न मिनिटं. नुसत्या चादरी बदलणाऱ्यांना वीस.

खोलीची अवस्था दाखवणारा एक रकाना पहिल्या आराखड्यात होता. समर्थ म्हणाला, गर्दी नको, मला एकच आकडा हवा. आणि मी — हो, मीच — तो काढून टाकला, वर म्हणाले, आता कसं स्वच्छ दिसतंय... स्वच्छ! शी. मघाशी तिने समर्थला हे सांगूनही पाहिलं. "पुढच्या महिन्यात बघू," फोनमधून डोकं न काढता तो म्हणाला, आणि ती 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'ची चव अजून जिभेवर होती, नासक्या दुधासारखी. मुळमुळीत, पगारी 'बरं'.

"ताई, ह्ये माजंच नाव ना?" झुंबरबाई मागे येऊन उभी होती, ओले हात पदराला पुसत. "माजं नाव मला वाचाय येतं. समद्यांची हिरवी-पिवळी, माजं एकटीचंच तांबडं!"

माधवीने नुसती मान डोलावली.

"लग्नपत्रिकेत देवाचं नाव असतंय तसं," बाई हसली. "चौदा वर्सं हितं लोकांची घान काढते, कुनी नाव म्हनून घेतलं न्हाई. फोटू काढा की. नातीला दावते."

सांग ना... तांबडं म्हणजे काय ते सांग, हात धरून तिला समर्थकडे ने, आरडाओरडा कर... माधवीने फोन धरला. झुंबरबाईने पदर डोक्यावर घेतला आणि स्क्रीनशेजारी ताठ उभी राहिली. माधवीचा हात आपोआप जरासा सरकला — लाल नावाच्या वरचं इंग्रजीतलं 'तातडीने लक्ष द्या' चौकटीबाहेर गेलं, बाई मधोमध आली, नाव ठसठशीत. फोटो झकास निघाला. या मेल्या हाताला तेवढंच येतं, नको ते वगळायचं.

"ताई," फोटो निरखत बाई म्हणाली, "ह्ये नाव पुसनार तर न्हाई ना कुनी?"

"नाही," माधवी म्हणाली. चटकन म्हणाली, अडखळलीसुद्धा नाही... आणि मग ती वाट बघत राहिली — आता स्वतःची किळस येईल, आता येईल — पण बाईच्या हातांचा फिनेलचा वास तेवढा येत राहिला, बाकी काहीच आलं नाही, आणि ती घाबरली.